कुरळे केस, दोन वेण्या आणि सौंदत्तीची वाट

बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर या पट्ट्यात मराठी आणि कन्नड शाळांचं फारशा गोष्टींवर कधी जमलेलं नाही. पाटीवरच्या अक्षरांपासून परिपत्रकाच्या भाषेपर्यंत वाद आहेतच. दोन वेण्यांवर मात्र दोघांचं एकमत. चप्प तेल, मधोमध भांग, दोन घट्ट वेण्या, आणि त्या दुमडून कानाशी बांधलेल्या रिबिनी. मराठी शाळेतल्या बाई असोत की कन्नड शाळेतल्या अक्कोरू, प्रार्थनेच्या रांगेत त्यांची नजर आधी नखांवर जाते आणि मग केसांवर. सरळ केसांची मुलगी या तपासणीतून सहज सुटते. कुरळ्या केसांची मुलगी अडकते, कारण कितीही तेल थापलं तरी तिच्या कपाळावर आणि मानेवर बटा सुटतातच. ‘केस विंचरून यायला काय होतंय गं तुला?’ असं तिला सगळ्यांसमोर विचारलं जातं. खरं तर ती घरून अर्धा तास रडत विंचरून घेऊनच आलेली असते.

कुरळे केस आहेत तसे स्वीकारा, त्यांच्यावर प्रेम करा, असं सांगणारे व्हिडिओ हल्ली चिक्कार आहेत. त्यांच्याशी माझं भांडण नाही. माझेही केस कुरळे असल्यामुळे मी तटस्थ असल्याचा आवही आणत नाही. पण आपल्या भागापुरतं बोलायचं तर हा विषय आरशापुढचा कमी आणि चावडीवरचा जास्त आहे. नीटनेटकेपणाचं आपलं माप सरळ केसांवर बेतलेलं आहे. त्या मापात न बसणारे केस धुवायचे कसे, सोडवायचे कसे, हे आपण ना शाळेत शिकवलं ना घरात. या अज्ञानाची किंमत सीमाभागातल्या बायकांनी जेवढी मोजली तेवढी फार थोड्या ठिकाणी मोजली गेली असेल.

आधी केसाबद्दल थोडं. केस ज्या पिशवीतून उगवतो ती कातडीखाली सरळ असेल तर केस सरळ येतो, वाकडी असेल तर वळत येतो. त्याचा आडवा छेदही मग गोल न राहता चपटा होतो. डोक्याची कातडी जे तेल सोडते ते सरळ केसावरून टोकापर्यंत उतरतं. वळणावळणाच्या केसावरून ते उतरत नाही. म्हणून मुळं तेलकट आणि टोकं कोरडी, हे कुरळ्या केसांचं जन्माचं दुखणं. त्यात आईचं दुर्लक्ष नसतं आणि मुलीचा आळसही नसतो. कोरडा केस शेजारच्या कोरड्या केसात अडकतो. प्रत्येक वळण ही त्याची नाजूक जागा, कंगव्याचा दात नेमका तिथं अडतो आणि केस तिथंच तुटतो. तुटलेली आखूड टोकं उभी राहतात आणि त्यांनाच आपण ‘पिंजारलेले केस’ म्हणतो. म्हणजे कोरडं विंचरून जे दुखणं तयार होतं, त्यावर औषध म्हणून आणखी विंचरायला सांगितलं जातं.

सकाळी सातला हे कसं चालतं ते कुरळ्या केसांच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. मुलगी पाटावर, आई मागं स्टुलावर. बारीक दातांचा प्लॅस्टिकचा कंगवा टाळूपासून खाली ओढला जातो आणि अर्ध्यावर रुततो. आई डाव्या हातानं मुळं दाबून धरते, उजव्यानं झटका देते. कर्रकन आवाज येतो, मुलीचे खांदे कानापर्यंत चढतात. ‘हलू नको, गाडी यायची वेळ झाली.’ शेवटी कंगव्यातला पुंजका बोटाभोवती गुंडाळून आई खिडकीच्या गजात खोचून ठेवते. केसांवर भांडी देणारी बाई गल्लीत आली की तो साठा बाहेर निघतो. मुलीच्या डोक्यावरून तुटलेल्या केसांची आपल्याकडे बाजारात किंमत होते. डोक्यावर उरलेल्यांना मात्र टोपलं, झिंज्या, अवतार अशी नावं मिळतात.

इथवरचं कुठल्याही गावात लागू पडेल. आपल्याकडची गोष्ट याच्या पुढं जाते, आणि ती सौंदत्तीच्या, म्हणजे यल्लम्मा देवीच्या डोंगराच्या वाटेवर जाते.

केस बरेच दिवस मोकळे झाले नाहीत की गुंता घट्ट होत जातो. तेल, घाम, धूळ आणि गळालेले केस त्यात अडकून राहतात आणि शेवटी त्याची दोरी वळते. हीच जट. कोरड्या, लांब, कुरळ्या केसांत ती लवकर धरते. सरळ केसांतही धरते, विशेषतः टायफॉइडनं महिनाभर अंथरूण धरलेल्या बाईच्या किंवा मनाच्या आजारानं स्वतःकडे लक्ष न उरलेल्या बाईच्या डोक्यात. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीनं यात गूढ काहीच नाही. पण बेळगाव, कोल्हापूर, सांगली, विजापूर या सगळ्या टापूत जट दिसली की घरातलं वडीलधारं माणूस हात जोडायचं. यल्लम्मानं बोलावलंय. मग तिला कंगवा लावायचा नाही, कात्री तर नाहीच नाही. वर भंडारा लावायचा. भंडाऱ्यानं आणि तेलानं जट आणखी चिकट व्हायची, आणखी वाढायची, आणि ती वाढली हाच देवीच्या इच्छेचा पुरावा मानला जायचा.

जट आलेल्या किती मुलींना पुढं देवीला सोडलं गेलं, म्हणजे देवदासी केलं गेलं, याचा हिशेब कुणी ठेवला नाही. पण जट हे देवीला सोडण्याचं एक सर्वमान्य निमित्त होतं, एवढं या भागातल्या कुठल्याही जुन्या माणसाला विचारलं तरी कळेल. मोत्यांची माळ गळ्यात बांधली की ती मुलगी जोगतीण झाली. तिचं लग्न व्हायचं नाही. तिच्या वाट्याला जोगवा यायचा आणि गावातल्या कुणा दांडग्याची मर्जी. इथं एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. देवदासी प्रथा केसांमुळं जन्मली नाही. ती जातीमुळं आणि दारिद्र्यामुळं टिकली. सोडलेल्या मुली बहुतांश दलित घरांतल्याच का, याचं उत्तर केसांत सापडणार नाही. सवर्ण घरातल्या मुलीच्या डोक्यातही गुंते होत असणारच. पण गरीब घरातल्या मुलीच्या डोक्यात जट धरली की एक दार उघडायचं, आणि त्या दारातून तिला ढकलणं सगळ्यांच्या सोयीचं असायचं.

कायदे झाले. बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात होता तेव्हा 1934 साली देवदासी संरक्षणाचा कायदा आला. कर्नाटकानं 1982 साली समर्पणावर बंदी घालणारा कायदा केला, महाराष्ट्रानं 2005 मध्ये आपला केला. निपाणी, गडहिंग्लज, अथणी या भागात कार्यकर्त्यांनी आणि खुद्द देवदासींनी अनेक वर्षं चळवळ चालवली. उघड सोडणं आज जवळपास थांबलं आहे, याचं श्रेय त्यांचं. पण कायदा माळेवर बंदी घालतो, जटेबद्दलच्या भीतीवर घालू शकत नाही. ती भीती अजून आहे. मार्गशीर्ष आणि माघ पौर्णिमेला डोंगरावर जाऊन पाहावं. भंडाऱ्यानं पिवळी झालेली, खांद्यावरून खाली आलेली जट मिरवणाऱ्या बायका आजही दिसतात. त्यातल्या कित्येकींना मान आखडण्याचा त्रास असतो, आत उवा आणि जखमा असतात, नीट झोपता येत नाही. ज्यांना देवीपायी हे सोसायचं आहे त्यांच्या श्रद्धेची मी टवाळी करणार नाही. पण कापली तर घरावर कोप होईल एवढ्याच धाकानं जी बाई हे ओझं वागवते, तिच्याशी कुणीतरी बोललंच पाहिजे.

नरेंद्र दाभोलकरांनी 1989 साली सुरू केलेल्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते हेच काम करत आले आहेत. घरी जायचं, बाईशी आणि तिच्या सासूशी बोलायचं, परत जायचं, पुन्हा बोलायचं, आणि तिनं स्वतः हो म्हटलं की कात्री काढायची. कापायला लागतो थोडा वेळ, मन वळवायला लागतात आठवडे. या कार्यकर्त्यांबद्दल मला नितांत आदर आहे. तरीही एक तक्रार आहे, आणि ती त्यांच्यापेक्षा आपल्या सगळ्यांबद्दल आहे. आपण जट झाल्यावर जागे होतो. जट होण्याआधीचा जो साधा गुंता असतो, तो बोटांनी आणि थोड्या निसरड्या पाण्यानं सुटू शकतो. तो सोडवायचा कसा हे त्या घरात कुणाला माहीत नव्हतं म्हणून पुढचं सगळं घडलं. विवेकाचं भाषण हवंच, पण भाषणाच्या आधी रुंद दातांचा एक कंगवा पोचला असता तर निम्मं काम झालं असतं.

खानापूरच्या जंगलपट्ट्यातली आणखी काही माणसं या चर्चेत कधी येत नाहीत. सिद्दी समाज आफ्रिकी वंशाचा, शतकानुशतकं याच मातीतला. मुख्य वस्ती उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ, यल्लापूर भागात, आणि थोडी आपल्या खानापूर आणि धारवाडकडच्या बाजूला. उत्तर कन्नडमधल्या सिद्दींना 2003 साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. बेळगाव आणि धारवाडमधल्या सिद्दींना त्यासाठी 2020 उजाडावं लागलं. त्याच वर्षी शांताराम सिद्दी विधान परिषदेवर गेले, कर्नाटकाच्या सभागृहात पोचलेले ते पहिले सिद्दी. हे सगळं चांगलंच झालं. पण सिद्दी मुलीचे केस स्प्रिंगसारखे घट्ट वळतात, तेल लावून ते चप्प बसत नाहीत आणि ओढून दुमडलेल्या वेण्याही राहत नाहीत. शाळेच्या डायरीतला नियम तिला पाळताच येत नाही, मग ती कितीही गुणी असो. जो नियम काही मुलींना जन्मतःच मोडावा लागतो त्याला शिस्त कसं म्हणायचं? 2016 साली दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाच्या एका नामांकित शाळेत कृष्णवर्णीय मुलींनी याच प्रश्नावरून निदर्शनं केली होती आणि त्यांची दखल जगभर घेतली गेली. आपल्याकडं असं काही होण्याची वाट बघायचं कारण नाही.

मुलांचं काय, असं कुणी विचारेल. मुलांचा प्रश्न न्हावी मशीननं सोडवतो. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र ज्या बेळगावात आहे तिथं मिल्ट्री कटला नाव ठेवायची कुणाची टाप नाही. कुरळा मुलगा आणि सरळ केसांचा मुलगा दोघंही दहा मिनिटांत सारखे होतात. म्हणून हे प्रकरण मुलींचंच राहतं.

शाळा सुटते आणि पार्लर सुरू होतं. कॉलेजच्या वयात मुलगी पोचली, बायोडाट्यासाठी फोटो काढायची वेळ आली, की घरातच विषय निघतो. ‘बाकी सगळं बरं आहे खरं केस तेवढे जरा नीट करून घे.’ बेळगावात टिळकवाडीपासून शहापूरपर्यंत गल्लोगल्ली पार्लर आहेत आणि प्रत्येकाच्या दारावर स्मूदनिंग, केराटिन, बोटॉक्स असे शब्द लावलेले आहेत. आत नेमकं काय केलं जातं हे विचारणारी बाई विरळा. रीबाँडिंगमध्ये केसाच्या आतले गंधकाचे जोड रसायनानं तोडतात, केस इस्त्रीनं सरळ करतात आणि दुसऱ्या रसायनानं ते जोड सरळ अवस्थेत पक्के करतात. रसायन लावलेला भाग सरळ राहतो, पण मुळातून नवा येणारा केस पुन्हा वळतच येतो. तीन-चार महिन्यांत डोक्यावर दोन प्रकारचे केस दिसू लागतात आणि पुन्हा पार्लर गाठावं लागतं. धंदा म्हणून उत्तम योजना आहे.

नुसती इस्त्री फिरवली तर ते जोड तुटत नाहीत, पाण्यानं जुळणारे तात्पुरते बंध तेवढे बदलतात. म्हणून जुलैत घरून सरळ केसांनी निघालेली मुलगी सेंट्रल बसस्टँडला पोचेपर्यंत पुन्हा कुरळी होते. बेळगावच्या पावसाशी कुठल्याही इस्त्रीनं आजवर सामना जिंकलेला नाही.

स्मूदनिंगच्या काही प्रकारांत फॉर्मल्डिहाइड नावाचं रसायन असतं किंवा तापवल्यावर बाहेर पडतं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं 2004 साली ते माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. 2011 मध्ये अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्यानं सलूनमधल्या कामगारांसाठी इशारा काढला. 2022 साली तिथं एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. 33,497 स्त्रियांवर सुमारे 11 वर्षं लक्ष ठेवलं होतं. केस सरळ करणारी रसायनं कधीच न वापरलेल्या स्त्रियांत सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं प्रमाण 1.64 टक्के निघालं, आणि वर्षात चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांत 4.05 टक्के. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, त्यावरून प्रत्येक क्रीमवर ठपका ठेवता येत नाही, आणि एकदा लग्नापुरतं केलं म्हणून कुणी घाबरून जायचंही कारण नाही. पण आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही. फॉर्मल्डिहाइड बदनाम झाल्यावर काही कंपन्यांनी ग्लायऑक्सिलिक ऍसिड आणलं. 2024 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका 26 वर्षांच्या स्त्रीची नोंद आली. अशा क्रीमनं तीनदा केस सरळ केले आणि तिन्ही वेळा तिच्या किडनीला इजा झाली.

ग्राहक निदान वर्षातून दोनदा जाते. पार्लरमध्ये काम करणारी मुलगी तो वास रोज हुंगते. दहा बाय दहाची खोली, एसी चालतो म्हणून खिडकी बंद, तोंडाला बांधलेली ओढणी. तिला त्या डब्यात काय आहे हे सांगितलेलं नसतं, आणि डब्यावर लिहिलेलं तिच्या भाषेत नसतं. खेड्यातून शहरात येऊन स्वतःच्या पायावर उभं राहू पाहणाऱ्या या मुली आहेत. त्यांच्या श्वासाची काळजी कुणी करायची हा प्रश्न केसांच्या चर्चेत आला पाहिजे, आणि तो कधीच येत नाही.

आता बाजाराची दुसरी बाजू. कुरळेपणाचा जयजयकार करणाऱ्यांनीही स्वतःचं दुकान थाटलं आहेच. केसांना अंक आणि अक्षरं दिली आहेत, तुमचे थ्री बी की थ्री सी ते आधी ठरवा, मग शाम्पू वेगळा, क्रीम वेगळं, जेल वेगळं, रेशमी उशीचा अभ्रा वेगळा. ही यादी कुणी पुरी करायची? खानापूरजवळच्या नंदगडच्या शेतमजूर बाईच्या मुलीला यातलं काय जमणार? केस सरळ करायला पाच हजार आणि कुरळे ठेवायला सात हजार, अशी निवड असेल तर ती निवड नव्हे. त्यात हे सगळे व्हिडिओ भरपूर पाणी आणि भरपूर वेळ धरून चालतात. ज्यांच्याकडं नळाला पाणी यायची वाट बघत घागरी मांडतात, त्यांनी काय करावं हे त्यात नसतं.

खरं सांगायचं तर या केसांना लागतं फार थोडं. मुख्य गोष्ट एकच, कोरडे असताना कंगवा लावायचा नाही. ओल्या केसांवर काहीतरी निसरडं लावून, बोटांनी आणि मग रुंद दातांच्या कंगव्यानं, टोकांकडून सुरू करून हळूहळू वर मुळांकडं यायचं. आपण नेमकं उलट करतो. निसरडं म्हणून कंडिशनरचं दोन-तीन रुपयांचं पाऊच चालतं. तेही नको असेल तर परड्यातली जास्वंद आहे. तिची पानं पाण्यात कुस्करली की बुळबुळीत रस सुटतो, तो गाळून घ्यायचा. आपल्या आज्यांना हे ठाऊक होतं, जास्वंदीच्या पानांनी नाहणं कर्नाटकात आणि कोकणात दोन्हीकडं होतं. अंगाचा साबण डोक्याला लावणं मात्र सोडायला हवं. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा पांढरा थर धरतो आणि केस झाडूच्या काड्यांसारखे होतात.

तेलाबद्दल आपल्याकडं फार अभिमान आहे आणि तो अर्धा बरोबर आहे. खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना केसातली प्रथिनं निघून जाणं कमी करतं. 2003 च्या एका भारतीय अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना झाली, त्यात हे फक्त खोबरेलाला जमलं. पण ते लावायचं नाहायच्या आधी. शाळेत जाताना थापलेल्या तेलानं केस चपटे दिसतात आणि धूळ धरतात, तहान मात्र भागत नाही. कारण केसाला हवा असतो ओलावा, आणि ओलावा पाण्याचा असतो.

बटा जागेवर राहाव्यात म्हणून जेल हवंच असेल तर स्वयंपाकघरात जवस आहे, कानडीतली अगसी. तिची चटणी जोंधळ्याच्या भाकरीबरोबर आपण रोज खातो, पण डोक्याला लावायचं कधी सुचलं नाही. पाव वाटी जवस, दोन वाट्या पाणी, मंद आचेवर ढवळत राहायचं. आधी पाणी पातळच राहतं, काही होणार नाही असं वाटतं. मग एकदम दाट होऊ लागतं. पळीवरून ओघळताना तार धरली की लगेच उतरवायचं आणि गरम असतानाच जुन्या मलमलच्या फडक्यातून पिळून काढायचं. निवल्यावर गाळायला गेलात तर बी आणि जेल एकमेकांना सोडत नाहीत, सगळं फुकट जातं. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. ओल्या केसांना लावून ओंजळीत धरून दाबायचं आणि जुन्या सुती बनियननं टिपायचं. खरखरीत टॉवेलनं खसाखसा पुसायचं नाही. झालं. हे सगळं मिळून महिन्याला एका वडापावाच्या हिशेबात बसतं.

शाळेच्या बाजूनंही बोलायला हवं, कारण बाईंची अडचण खोटी नाही. वर्गात पन्नास मुली, एकीच्या डोक्यात उवा झाल्या की आठवड्यात सगळ्यांच्या होतात, आणि पालक येऊन बाईंनाच बोलतात. केस बांधलेले असले की उवा कमी पसरतात हे बरोबर. वेणी कुरळ्या केसांसाठी चांगलीही आहे, ती केसांना झिजण्यापासून वाचवते. म्हणून वेणीला माझा विरोध नाही. आठवड्यातून दोनदा ओले करून सोडवलेले केस सैल वेणीत बांधले तर चार दिवस कंगवा न लावता राहतात. विरोध आहे तो रोज सकाळी कोरडं विंचरण्याच्या सक्तीला, भांगाजवळ उभ्या राहिलेल्या दोन बटांसाठी मुलीला रांगेतून बाहेर काढण्याला, आणि ‘झिंज्या’ या शब्दाला. उवांवरचा चांगला उपायही ओल्या केसांत कंडिशनर लावून बारीक फणी फिरवणं हाच आहे, आणि तो सरळ-कुरळ्या सगळ्या केसांना सारखाच लागू पडतो. बाईंना शिस्त हवी असेल तर तिचा रस्ताही ओल्या केसांवरूनच जातो.

बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीत जाऊन या. 1204 साली रट्ट राजांच्या काळात बांधलेलं हे जैन मंदिर. तीर्थंकरांच्या मूर्तींच्या मस्तकावर दगडात कोरलेली कुरळ्यांची बारीक वर्तुळं असतात, ओळीनं, एकही सरळ रेघ नाही. भागवतातल्या गोपी कृष्णाचं रूप आठवतात तेव्हा त्याला ‘कुटिलकुन्तल’ म्हणतात, म्हणजे वळणदार केसांचा. देवादिकांच्या डोक्यावर जे शोभतं ते शाळेतल्या मुलीच्या डोक्यावर कसं खटकतं, हे मला आजवर कुणी नीट समजावून सांगितलेलं नाही.

काही जण म्हणतील, सीमाप्रश्न आहे, पाणीप्रश्न आहे, शेतमालाला भाव नाही, आणि तुम्ही केस घेऊन बसलाय. पण केस घेऊन बसल्यामुळं ते प्रश्न मागं पडत नाहीत. उलट यातली बरीच कामं कुणी मंत्री आल्याशिवाय होऊ शकतात. अंगणवाडी सेविका आणि आशाताई घरोघरी जातातच. बाळंतिणीच्या आणि आजारातून उठलेल्या बाईच्या डोक्याकडं एक नजर टाकायची, गुंता दिसला तर तिथंच सोडवायला शिकवायचं, एवढं त्यांच्या प्रशिक्षणात घालता येईल. आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा ट्रेड आहे, महिला मंडळांत पार्लरचे वर्ग चालतात. तिथं कुरळे केस कापायला आणि धुवायला शिकवलं, क्रीमच्या डब्यावरचं वाचायला शिकवलं, खिडकी उघडी ठेवायला शिकवलं, तर त्या मुलींना नवं गिऱ्हाईक मिळेल आणि त्यांची फुप्फुसंही वाचतील. ज्यांना केस सरळच हवेत त्यांनी खुशाल करावेत, फक्त डब्यात काय आहे ते माहीत करून करावेत.

आणि शाळेचा नियम. तो कुठल्याही कायद्यात लिहिलेला नाही. बहुतेक ठिकाणी तो डायरीच्या मागच्या पानावर आहे, काही ठिकाणी तेवढाही नाही, नुसती वहिवाट आहे. ‘तेल लावून, चप्प विंचरून, दोन वेण्या’ याऐवजी ‘केस स्वच्छ आणि बांधलेले असावेत’ एवढं लिहिलं की सरळ केसांची मुलगी, कुरळ्या केसांची मुलगी आणि खानापूरची सिद्दी मुलगी तिघीही नियमात बसतात. एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या विकास आणि देखरेख समितीच्या एका बैठकीचं हे काम आहे, आणि या समितीत बसतात ते पालकच. आपल्याकडं शाळा मेअखेरीला उघडतात आणि लगेच पाऊस सुरू होतो. कुरळे केस सगळ्यात जास्त फुगतात ते याच चार महिन्यांत, तेव्हा ही बैठक शाळा उघडायच्या आधी झालेली बरी.